स्कूनरवर जाण्याआधी माळ्याची शिडी उतरून बघा

बाई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी तो थोडक्यात सांगतो. मुलगा बॉस्टनला असतो. त्यानं ऑगस्टमध्ये मेन राज्याच्या किनाऱ्यावर जुन्या पद्धतीच्या शिडाच्या जहाजावर, म्हणजे स्कूनरवर, चार रात्रींची सहल ठरवली आहे. तुम्ही ६१ वर्षांच्या, सर म्हणजे तुमचे यजमान ६६ वर्षांचे, दोघंही पूर्ण शाकाहारी. सरांचे गुडघे कुरकुरतात, तुम्हाला चोर्ल्याच्या घाटात गाडी लागते. समुद्र म्हणाल तर मिरामार आणि वेंगुर्ला, तोही वाळूवर उभं राहून. मुलानं दोन पानी सामानाची यादी धाडली आहे आणि ती घेऊन तुम्ही खडेबाजारात जायच्या बेतात आहात.

अजून जाऊ नका. यादीतलं निम्मं सामान बेळगावात पावसाळा काढणाऱ्या माणसाच्या घरी असतंच. उरलेल्यातलं निम्मं तिथं लागत नाही. खरी तयारी अंगाची आणि सवयींची आहे. ती अनगोळात घरबसल्या होते, आणि जून लागलाय म्हणजे त्याला हाच मोसम बरा.

मी कोण, तेही सांगतो. आमच्या खानापूर तालुक्यात घरटी एक फौजी. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावातच, त्यामुळं मिसरूड फुटलं की पोरगं भरतीला पळतं. मी तेवढा वाट चुकून नौदलात गेलो. त्यातली दोन वर्षं शिडाच्या प्रशिक्षण जहाजावर काढली. निवृत्तीनंतर लेकीकडं जाणं-येणं सुरू झालं आणि मेनच्या स्कूनरवर सहा वेळा प्रवासी म्हणून जाऊन आलो. शेवटच्या तीन वेळा आपल्याकडची मंडळी बरोबर होती. त्यामुळं आपल्या माणसांचं नेमकं कुठं अडतं, हे जवळून पाहिलंय.

आधी जहाज समजून घ्या. स्कूनरला दोन किंवा जास्त डोलकाठ्या असतात, पुढची मागचीपेक्षा बुटकी किंवा फार तर बरोबरीची. शिडं आडवी नसतात, जहाजाच्या लांबीला धरून उभारलेली असतात. त्यामुळं थोड्या खलाशांत काम भागतं, आणि म्हणूनच मालवाहतुकीला ही जहाजं परवडायची. लाकूड, चुना, ग्रॅनाइट, मासळी हा त्यांचा माल. पुढं इंजिनाची जहाजं आली, ट्रक आले आणि स्कूनर किनाऱ्याला कुजायला लागल्या. १९३६ साली मेनमधल्या कॅमडेन गावात फ्रँक स्विफ्ट नावाच्या माणसानं त्यांवर मालाऐवजी हौशी प्रवासी न्यायला सुरुवात केली आणि तो धंदा आजही चाललाय. ‘लुईस आर. फ्रेंच’ आणि ‘स्टीफन टेबर’ ही दोन्ही जहाजं १८७१ ची आहेत आणि अजून प्रवासी घेऊन पाण्यात आहेत. त्यांच्यासारख्या बऱ्याच जहाजांना आतलं इंजिन नाहीच. वारा पडला की मागं बांधलेली छोटी इंजिनाची होडी जहाजाला ढुशी देत पुढं नेते.

हे सांगायचं कारण असं की तुम्ही ज्यावर चाललात ते हॉटेल नव्हे. मालाच्या जहाजाच्या पोटात नंतर बसवलेल्या त्या खोल्या आहेत. आमच्याबरोबर बिडी गावचे एक काका होते. पहिल्या संध्याकाळी खाली वाकून त्यांनी केबिन बघितली आणि वर येऊन म्हणाले, “खोली कुटं हाय? ही तर देवळी की!” अगदी खरं. एकावर एक दोन फळ्या, त्यांवर गादी, एक दिवा, दोन-चार खुंट्या. नवरा-बायकोनं एकाच वेळी उभं राहून कपडे बदलायचे म्हटलं तर कोपर कुणाच्या तरी डोळ्यात जाणार. एकानं पडून राहायचं, दुसऱ्यानं आवरायचं. आणि रात्री उठताना डोकं आपटणारच, तेव्हा टॉर्च उशाशी ठेवा.

केबिनमध्ये जायचं ते बहुतेक ठिकाणी जिन्यानं नाही, जवळजवळ उभ्या शिडीनं. सरांच्या गुडघ्यांचा प्रश्न इथं येतो, आणि सगळ्यात आधी तोच सोडवायचा. तुमच्याकडं नसेल तर शहापूर-वडगावकडं कुठल्याही जुन्या घरात माळ्याची लाकडी शिडी मिळेल. सरांना रोज सकाळी ती तीनदा चढून उतरायला लावा. उतरताना तोंड शिडीकडं आणि पाठ बाहेर. आपण जिना उतरतो तसं समोर बघत शिडी उतरायची सवय अनेकांना असते आणि जहाजावर नेमकी तीच पाडते. दोन्ही हात शिडीवर हवेत, म्हणजे हातात कप, फोन, पिशवी काही नाही. सामान वरून दुसरा देतो. पहिल्या आठवड्यात पाच पायऱ्याही जड जातील. पंधरा दिवसांत अंगाला वळण पडतं, हे मी माझ्याच गुडघ्यांवर अजमावलंय.

आता कपडे. ऑगस्टमध्ये तिथं दिवसा २० ते २५ अंश असतं, ऊन छान पडतं आणि माणूस फसतो. पाणी असतं १५ अंशांच्या आसपास. त्यावरून येणारा वारा संध्याकाळी अंगाला लागला की बेळगावची डिसेंबरातली पहाट आठवते. माझ्या पहिल्या खेपेला मी शहाण्यासारखी जीनची पँट आणि सुती शर्ट घालून गेलो. दुपारी एक सर आली. पँट भिजली ती तिसऱ्या दिवशी धक्क्याला लागेपर्यंत वाळली नाही. खारट हवेत जाड सुती कापड वाळतच नाही, आणि ओलं सूत अंगातली ऊब ओढून घेतं. आपल्याकडचा मेंढका धो धो पावसात घोंगडं पांघरून उभा असतो, त्यामागचं कारण हेच: लोकर ओली झाली तरी ऊब धरून ठेवते. घोंगडं घेऊन जा असं म्हणत नाही, पण एकेक लोकरीचा स्वेटर, लोकरीचे मोजे दोन जोड आणि कानटोपी न्याच. आतून पातळ, लवकर वाळणारे कपडे, त्यावर स्वेटर, त्यावर रेनकोट. गरम झालं की एकेक काढायचं.

रेनकोट पँट आणि जाकीट असा दोन तुकड्यांचाच हवा. अंगावरून घ्यायचा पोंचो वाऱ्यानं शिडासारखा फुगतो आणि दोरांत अडकतो. छत्री तर घरीच ठेवा. नवा घेणार असाल तर घेतल्या दिवशी गच्चीवर जा आणि चांगल्या पावसात अर्धा तास खुर्ची टाकून बसा. शेजारी हसतील, हसू देत. कुठून गळतं ते इथंच कळलेलं बरं. कणकुंबी-आमगावकडं कुणी पाहुणे असतील तर एक रविवार तिकडंच काढा, त्या पावसात टिकलेला रेनकोट जगात कुठंही टिकतो.

साडी नको, बाई. शिडीवर पायात येते आणि वाऱ्यावर आवरत नाही. आजीसारखं कासोटा घालून नऊवारी नेसणारी कुणी असती तर गोष्ट वेगळी. ट्रॅक पँट किंवा चुडीदार घाला, ओढणी वगळून. बूट रबरी तळव्याचे, डेकवर काळे डाग न पाडणारे घ्या. चपला चालणार नाहीत. अंगठ्या आणि बांगड्या काढून ठेवा, मंगळसूत्र आत घाला. हे फॅशनपायी सांगत नाही, त्याचं कारण पुढं दोरांच्या गोष्टीत येईल.

आणि हे सगळं मऊ पिशवीत भरायचं. चाकांची टणक बॅग केबिनमध्ये मावत नाही आणि घडीही होत नाही. आमच्यातल्या एका जोडप्याला अशा दोन बॅगा परत गाडीत ठेवाव्या लागल्या आणि सगळे कपडे प्लास्टिकच्या पिशव्यांत कोंबून ते जहाजावर चढले. आपली भाजीची मोठी कापडी पिशवी त्यापेक्षा कामाची.

गाडी लागण्याबद्दल तुम्ही सगळ्यात जास्त लिहिलंय, पण मला त्याची काळजी सगळ्यात कमी वाटते. ही जहाजं भर समुद्रात जात नाहीत. मेनच्या किनाऱ्याला लागून असलेल्या पेनॉबस्कॉट उपसागरात बेटंच बेटं आहेत. त्यांच्या आडोशानं दिवसा फिरायचं आणि संध्याकाळी एखाद्या शांत खाडीत नांगर टाकून झोपायचं. चोर्ल्याच्या वळणांपेक्षा हे हलणं खूप सौम्य. तरी तयारी हवीच. गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, निघण्याच्या तास-दोन तास आधी घ्यावी लागते. आपल्याकडं अव्होमिन सर्रास मिळते, पण या जातीच्या गोळ्यांनी झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर त्या जपून द्याव्या लागतात. तेव्हा तुमच्या डॉक्टरांना विचारा आणि त्यांनी दिलेली गोळी इथंच तपासून बघा. ती घेऊन एकदा मुलाच्या मित्राच्या गाडीतून चोर्ल्यामार्गे पणजीला जाऊन या. पोट कसं राहतं आणि झोप किती येते, दोन्ही कळेल.

जहाजावर मळमळलं तर खाली केबिनमध्ये जाऊन पडू नका. ही चूक सगळेच करतात. खाली डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं, कानातला तोल मात्र हलतंय म्हणून सांगतो, आणि त्या भांडणात पोट ढवळतं. डेकवर मधोमध बसा, तिथं हालचाल सगळ्यात कमी असते. नजर क्षितिजावर ठेवा, फोनवर नको. उपाशी राहू नका. आलेपाकाच्या वड्या खिशात ठेवा, भडंग मूठ-मूठ खात राहा. आणि झालीच उलटी तर वारा ज्या बाजूला जातो त्या बाजूला वाका. उलट बाजूला वाकलात तर काय होतं, ते मी सांगायला नको.

जेवणाचं आत्ताच, आजच, मुलाकरवी जहाजाला लेखी कळवा. स्वयंपाक लाकडाच्या चुलीवर होतो, आचारी पहाटे चारला उठतो आणि तुम्ही उठायच्या आत पावाचा वास डेकवर येतो. शाकाहारी माणसाची सोय ते मनापासून करतात, पण ‘शाकाहारी’ एवढंच लिहून भागत नाही. मासे नकोत, माशाचं किंवा कोंबडीचं पाणी घातलेलं सूप नको, प्राण्यांची चरबी नको, असं मोडून लिहा. चार दिवसांत एकदा किनाऱ्यावर उतरवून लॉबस्टरची मेजवानी करतात. समुद्री शेवाळात लॉबस्टर वाफवतात आणि बऱ्याचदा त्याच भांड्यात मक्याची कणसं आणि बटाटेही असतात. आपली मंडळी बरोबर होती त्यातल्या पहिल्या खेपेला एक आक्का मोठ्या आनंदानं कणीस घ्यायला गेल्या आणि भांड्यात बघून तशाच परतल्या. तेव्हा तुमची कणसं-बटाटे वेगळे भाजायला आधीच सांगा, आनंदानं करतात. वासाचा आणि दृश्याचा त्रास होणार असेल तर त्या वेळेला बेटावर फिरायला जा. ऑगस्टात तिकडं ब्लूबेरीचा हंगाम असतो.

घरून कोरडी शेंगदाण्याची चटणी आणि भडंग न्या. तिथल्या विमानतळावर खाण्याचे पदार्थ आहेत असं सरळ सांगा. लपवलं तर दंड होतो, सांगितलं तर बहुतेक वेळा बघून सोडतात. कुंदा नेऊ नका, दुधाच्या पदार्थाचं लचांड तिथं नको.

पाण्याची शिस्त आपल्याला कुणी शिकवायला नको. नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावचे आपण. जहाजावर गोडं पाणी टाकीत असतं तेवढंच. काही जहाजांवर गरम पाण्याचा शॉवर असतो, पण पाणी अंगावर घ्यायचं, बंद करायचं, साबण लावायचा आणि मग पुन्हा सोडायचं. अर्ध्या बादलीत आंघोळ उरकणाऱ्याला यात नवीन काही नाही. संडासाचं मात्र आधीच सांगतो, कारण विचारायला सगळेच लाजतात. तिथं कागद असतो, पाणी नसतं. दाबून धार येणारी एक लिटरची मऊ बाटली प्रत्येकी एक न्या. भांडं हातानं पंप मारून रिकामं करायचं असतं आणि त्यात काय टाकायचं, काय नाही, हे पहिल्या दिवशी सांगतात. ते कान देऊन ऐका. तुंबलं तर ते साफ करायला खलाशातलंच एखादं कॉलेजचं पोर बसतं.

आता दोरांकडं येतो. शिडं चढवताना कप्तान प्रवाशांना हाक मारतो. सक्ती नसते, पण जा. मागच्या मोठ्या शिडाच्या वरच्या कडेला एक जाड लाकडी दांडा असतो, तो दोन दोरांनी वर जातो. एक दोर दांड्याचं डोलकाठीकडचं टोक उचलतो, दुसरा बाहेरचं. डाव्या-उजव्या बाजूला प्रवाशांच्या दोन रांगा उभ्या राहतात आणि दांडा आडवा सरळ राहील अशा बेतानं दोघांनी ओढायचं. एक रांग जोरात गेली तर दांडा तिरपा होतो आणि कप्तान ओरडतो, “तुम्ही थांबा, तुम्ही ओढा!” आपल्याकडं रथ ओढताना होतं, अगदी तसंच. हातावर हात टाकत ओढायचं. दोर मनगटाला गुंडाळायचा नाही, कधीच नाही. सुटला तर हात घेऊन जातो. जमिनीवर पडलेल्या दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवायचा नाही. दोर निसटायला लागला तर धरून ठेवायचा नाही, ओरडायचं आणि सोडायचा, नाहीतर तळव्याची साल निघते. अंगठी आणि बांगडी कशात अडकते, हे आता वेगळं सांगायला नको. सरांनी गुडघ्यांचा विचार करून रांगेत मागं उभं राहावं, तिथं फक्त ओढलेला दोर सांभाळायचा असतो.

शिडाच्या खालच्या बाजूला आडवा दांडा असतो, त्याला बूम म्हणतात. जहाज वळताना तो एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरतो. सांगितलं की खाली वाका, कुणाकडं बघत बसू नका. चालताना एक हात स्वतःसाठी, एक हात कामासाठी. चुकून कुणी पाण्यात पडलंच तर उडी मारायची नाही. ओरडायचं आणि बोट त्या माणसाकडं रोखून धरायचं, नजर हलवायची नाही. एवढ्या थंड पाण्यात पहिल्या मिनिटाला श्वासच आवरत नाही, तेव्हा शोधण्यात वेळ घालवून चालत नाही.

कार्यक्रमपत्रिका मागू नका. कुठल्या बेटावर जाणार, हे कप्तानालाही सकाळी माहीत नसतं, वारा बघून ठरतं. दुपारी खारा वारा चांगला लागतो, सकाळी बऱ्याचदा पान हलत नाही. कधी धुकं येतं. जांबोटीच्या पुढं घाटात ढग उतरतात, तसं नाही हे. दक्षिणेकडची उबदार दमट हवा थंड पाण्यावर आली की पाण्यावरच दाटतं आणि दहा हातांवरची नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोकही, दिसत नाही. मग भोंगा वाजवत हळूहळू जायचं किंवा नांगर टाकून बसायचं. आमची एक अख्खी सकाळ अशी गेली. वरचे लोक कंटाळले, खाली चुलीपाशी सगळे जमले, माझ्या बायकोनं भडंगाचा डबा उघडला आणि तासाभरात तळ दिसला. त्या जहाजावरच्या स्वयंपाकिणीनं कृती लिहून घेतली, मुरमुऱ्यांच्या स्पेलिंगसह.

फोनची रेंज येते-जाते, चार्जिंगची सोय असेलच असं नाही. एक पॉवर बँक न्या आणि बेळगावात कळवून ठेवा की चार दिवस फोन नाही लागला तर घाबरू नका. बीपी-शुगरच्या गोळ्या दोन ठिकाणी विभागून ठेवा, एक पाकीट कायम अंगावर. सरांना इन्सुलिन असेल तर थंड ठेवायची सोय आधीच विचारून घ्या.

जाता जाता एक. आपल्या खानापूरच्या भीमगडाच्या रानात उगम पावणाऱ्या म्हादईचं नाव नौदलानं एका शिडाच्या बोटीला दिलं. ती बोट गोव्यात बांधली आणि तिच्यावरून कमांडर दिलीप दोंदे २०१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून आले, असं करणारे ते पहिले भारतीय. त्यामुळं उद्या कुणी ‘डोंगरातल्या माणसांना समुद्राचं काय’ म्हणालं तर हे सांगा.

जहाजावर चढायचं ते बहुधा आदल्या संध्याकाळी, धक्क्यालाच झोपायचं. तिथं भरती-ओहोटीत साधारण तीन मीटरचा फरक पडतो. ओहोटीच्या वेळी तरंगत्या धक्क्यावर उतरणारा रस्ता घसरगुंडीसारखा उभा होतो. मुलाला त्या दिवसाची भरतीची वेळ बघायला सांगा आणि त्या सुमारास पोचा, सरांना सोपं जाईल. बेटावर उतरताना छोट्या होडीत जावं लागतं. तिच्या मधोमध पाय ठेवायचा आणि लगेच बसायचं, उभं राहून फोटो नाही.

जुलै संपायच्या आत मला दोन गोष्टी कळवा: चोर्ल्यात गोळीनं काय झालं आणि सरांची शिडी कुठवर आली. शिडी जमलीच नाही तर मुलाला लगेच सांगा, पैसे परत मिळण्याची मुदत असते. मग कॅमडेनहून दोन तासांची शिडाची फेरी मिळते, त्यात खाली उतरावंच लागत नाही. आणि जमली, तर भडंग दोन डबे न्या.